ओळंब्याची दोरी

वासिफनं फोनची कड भिंतीला टेकवली, मान तिरकी करून पडद्याकडं पाहिलं आणि कानामागची पेन्सिल काढली.

"शून्य," तो म्हणाला. "एकदम सरळ हाय भिंत, मावशी."

सारजाबाईच्या हातातला चहा बशीत सांडला.

"परत लाव."

"दोनदा लावला की. हे बघा, हिरवं झालंय."

"तुझा फोन येडा हाय."

वासिफ हसला. "काय मावशी, नवा हाय. ओळंबा, पाणसळ, टेप, समदं यातच आलं. आता पिशवीभर लोखंड कोण वागवतंय?"

"अन् खाली पडला, तर?"

"मग गेला कामातून."

"आमचा ओळंबा दोन मजल्यांवरनं पडलाय. फरशी फुटली. त्याला काय झालं नाय."

कॅमेरा कृष्णानं पुण्याहून पाठवला होता. आई मिटमिटा गावातल्या घरात एकटी. कामातून मान वर केली की ती फोनमध्ये दिसावी, एवढंच त्या लेकाचं मागणं. वायर लोंबती नको, भिंतीतून घ्या, असं त्यानं कॅमेरा बसवायला आलेल्या वासिफला बजावलं होतं. म्हणजे छताखालून पार खालच्या बोर्डापर्यंत खाच पाडायची, आणि तीही नेमकी याच भिंतीला.

या भिंतीला सारजाबाईनं चाळीस वर्षांत खिळा ठोकू दिला नव्हता. कॅलेंडरसुद्धा नाही. खोलीकडं झुकलेल्या भिंतीवरचं कॅलेंडर खालून सुटून लोंबतं, आणि गवंड्याच्या घरी चहाला येतात तेही गवंडीच.

तिनं पत्र्याची पेटी उघडली. तिचे मालक, गोकुळ मिस्त्री, वारल्यापासून दोन वर्षं ती बंदच होती. पितळी ओळंबा, त्याला गुंडाळलेली दोरी, दोरीत ओवलेला लाकडाचा तुकडा.

"चढ शिडीवर. लाकूड भिंतीला टेकव अन् दोरी सोड. खाली मी बघते."

ओळंबा झुलला, स्वतःभोवती फिरला, पुन्हा झुलला. सारजाबाई गुडघ्यांना मिठी घालून त्याच्यासमोर बसून राहिली. तो थांबला तेव्हा त्याची पितळी कड भिंतीला नुसती शिवत होती.

"फोन खरं बोलला ना?" वासिफनं वरून विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. पण उठली नाही.

ही भिंत वाकडी असायला हवी होती.

ती उभी राहिली तेव्हा कृष्णा चार महिन्यांचा होता. दिवसभर लोकांची घरं बांधून नवराबायको सुटीच्या दिवशी स्वतःचं बांधत. गोकुळ मिस्त्री परांचीवर, सारजाबाई खाली. ओळंब्याचं काम एकट्याचं नसतं. वरच्यानं धरायचं, खालच्यानं पाहायचं. "थांबला का?" अशी वरून हाक यायची, आणि ओळंबा थांबेस्तोवर ती खाली गुणगुणत बसायची :

वरून येई हाक, खालून दे उत्तर
मधल्या दोरीवरी बाई, उभं राहातंय घर

त्या दुपारी ओवी नव्हती. झोळीत कृष्णा रडून रडून निळा पडला होता आणि तिची चोळी दुधानं भिजली होती. वरून हाक आली. ओळंबा अजून झुलत होता.

"थांबला," ती म्हणाली. "लागलाय भिंतीला."

"मग जा, लेकराला घे," मिस्त्री म्हणाले, आणि थापी वाजली.

त्याच मापावर भिंत वर गेली. संध्याकाळी तिला ती झुकलेली दिसली. मिस्त्रींना दिसली नसावी, असं ती स्वतःला सांगत राहिली. त्यांच्या शेवटच्या आजारपणात हे सांगायला तिनं दोनदा तोंड उघडलं. एकदा त्यांनी पाणी मागितलं, एकदा त्यांचा डोळा लागला.

छिन्नी चालू झाली. वरून प्लास्टरच्या पापड्या पडल्या आणि लगेच वीट दिसली. वासिफ एकेक पायरी खाली येत गेला तशी छिन्नी खोल खोल जाऊ लागली. शेवटी तो उकिडवा बसला आणि खाचेत बोट घालून पाहू लागला.

"अजब हाय. मावशी, वर नुसता एक हात दिलाय प्लास्टरचा. इथं खाली तीन हात दिलेत, अन् आत खापऱ्यांची भर. ज्यानं केलं त्यानं लई निगुतीनं केलं."

"सरकून बस जरा," सारजाबाई म्हणाली. तिची दोन बोटं खाचेत बुडाली. वीट लागेना.

प्लास्टरच्या वेळी मिस्त्रींनी तिला कन्नडला माहेरी धाडलं होतं. "धूळ उडंल. लेकराला घेऊन आठ दिवस जाऊन ये." न मागता धाडलं ते जन्मात तेवढंच. ते आठ दिवस तिनं आईच्या चुलीपुढं धाकात काढले. परत आली तेव्हा भिंतीला चुना लागला होता, आणि मिस्त्री एवढंच म्हणाले होते, "पोरगं बाळसं धरायलंय."

दुपारी वासिफ सिमेंट आणायला गेला. "कॅमेरा चालू केलाय, मावशी. तुमचा लेक बघतोय बरं का," असं जाता जाता सांगून गेला.

घर शांत झालं. सारजाबाई शिडीच्या तीन पायऱ्या चढली. लाकूड भिंतीला टेकवलं आणि दोरी सोडली. या बाजूनं तिनं ओळंबा कधी धरला नव्हता. वरून त्याचं टोक नीट दिसेना.

"थांबला का?" तिनं विचारलं.

खाली विटांचा चुरा पडला होता.

दोरी मात्र तिच्या बोटांत होती. ओळंब्याचा एकेक झोका दोरीतून वर चढत होता, नाडीसारखा बोटाला लागत होता. इकडं. तिकडं. पुन्हा इकडं. खालच्यानं काही सांगायची गरजच नव्हती; त्या दुपारीही नसणार.

तिनं दुसऱ्या हातानं शिडी घट्ट धरली.

मग जा, लेकराला घे.

खाटेवर फोन वाजू लागला. कृष्णाच असणार; शिडीवर चढलेली आई दिसली असेल. फोन वाजून थांबला आणि परत वाजू लागला. सारजाबाई हलली नाही.

"जरा दम धरा," मिस्त्रींना सांगावं तसं ती हळूच म्हणाली. "अजून हलतोय."