दाराच्या रबराखालचं टिंब

मी एक जुनी, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी आहे. जुन्या गाड्यांच्या आवारात, फाटकापासून तिसरी. मित्रांनो, माझ्या काचेवर ‘एकाच मालकाने जपून वापरलेली’ अशी पाटी आहे. मालक चार झाले. जपलं एकानेच, तेही पहिलं वर्षभर. पण आता मला त्याचं वाईट वाटत नाही. मला फारसं काही वाटतच नाही, आणि त्याला कारण आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालचुटूक होते. पहिला मालक फोटोग्राफर. मला उभी केली की तो चार पावलं जाऊन पुन्हा वळून बघायचा. सिग्नलला शेजारच्या बसमधली माणसं माना वाकड्या करायची. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी हवेत होते. मग एका वळणावर माझी कूस झाडावर आदळली. फोटोग्राफरचा खांदा मोडला आणि चालकाच्या दारामागचा माझा खांब आत दबला. सीटचा पट्टा याच खांबाला अडकवलेला असतो.

तो खांब कापून नवा जोडायला हवा होता. पण मला विकत घेणारा व्यापारी डेंटरला, म्हणजे पत्र्याचे पोचे काढणाऱ्या कारागिराला म्हणाला, "शनिवारी गिऱ्हाईक येतंय. वरवर नीट करा. आत कोण बघतंय?" डेंटरने मान डोलावली. पत्रा थोडासा ओढला, उरलेल्या खड्ड्यात लांबी, म्हणजे रंगाऱ्यांचा तो लगदा थापला, घासला आणि वरून रंग मारला. शेवटी दाराचं रबर उचलून त्याने आत एक टिंब ठोकलं. ही त्याची सवय होती. मनासारखं काम झालं तर तीन टिंबं, नुसतं भरून काढलं तर एक. कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी तो खरं सांगून ठेवायचा.

त्या दिवसापासून तिथे मला काही जाणवत नाही. दात काढण्याआधी हिरडीत सुई टोचली की गाल असून नसल्यासारखा होतो, तसं. पुढे हा बधिरपणा सगळ्या अंगभर पसरला. एका मालकाने मला शर्यतीसारखं पिदडलं. दुसऱ्याने दोन वर्षं ताडपत्रीखाली ठेवलं. तिथे एक मांजर माझ्या पोटाखाली व्याली, पिल्लं मोठी झाली आणि निघून गेली. तिसऱ्याने मला धुतल्याचं आठवत नाही. फिरून मी याच व्यापाऱ्याच्या दारात आले, तेव्हाही मला काही वाटलं नाही.

गेल्या मंगळवारी एक बाई आली. प्रयोगशाळेत रक्त तपासणारी, अकरा वर्षं बसमध्ये उभी राहून कंटाळलेली. ती माझ्यात बसली, आरसा आपल्या उंचीला लावला, पट्टा ओढून बघितला आणि उगाचच हसली.

"अप्पा, हीच घ्यायची," ती बाहेर उभ्या असलेल्या वडिलांना म्हणाली. "मागे जागा नाही, सामान मावणार नाही, सगळं कबूल. तुम्ही फक्त पत्रा बघा. तुम्ही हो म्हणालात की माझं हो."

म्हातारा गुडघा सांभाळत पुढे आला आणि बोटांच्या पेरांनी मला ठोकू लागला. बॉनेट टणकन वाजलं. दार टणकन वाजलं. दारामागे नुसता थप्प आवाज आला. त्याने पुन्हा ठोकलं. मग रबर उचलून आत अंगठा फिरवला. अंगठा ओळखीचा होता.

त्याने रबर पुन्हा जागेवर दाबलं. मला वाटलं, आता म्हणेल की हा रंग तुला शोभत नाही, आणि विषय मिटवेल.

"ही घ्यायची नाही," तो म्हणाला.

"का? कारण सांगा."

"अहो काका, गाडी दगडासारखी आहे!" व्यापारी हसत धावत आला.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलंच नाही. "हा खांब आत दबलेला आहे, वर नुसती लांबी आहे, बाळा. धडक बसली तर पट्टा तुला धरणार नाही. मी केलंय हे. याच हातांनी."

"तुम्ही केलंय? मग तर खात्रीचं काम!" व्यापारी म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने कितीतरी डेंटर बदलले होते, हा चेहरा त्याच्या लक्षात नव्हता.

लेक खाली उतरली. "आणि तेव्हापासून हिच्यात किती जण बसले असतील, अप्पा?"

म्हाताऱ्याने खिशातून घराची किल्ली काढली आणि माझा रंग खरवडायला लागला. व्यापारी ओरडत होता. लांबीचा ढलपा खाली पडला, आतला चेपलेला, गंजका पत्रा उघडा झाला आणि त्याला वारा लागला. मित्रांनो, मला दुखलं. इतक्या वर्षांनी दुखलं.

लेकीने माझी किल्ली व्यापाऱ्याच्या हातात दिली आणि ती चालू लागली. फाटकाशी थांबली. मागे वळून बघितलं नाही, पण म्हातारा लंगडत पोचेपर्यंत ती तिथेच उभी होती.

मित्रांनो, मला कुणी विकत घ्यावं असं आता मी म्हणत नाही. मोडीत घाला, माझी हरकत नाही. पण या आवारात कुणी आलं, तर त्याला चालकाच्या दारामागे आधी ठोकून बघायला सांगा. आणि जरा लवकर सांगा. व्यापाऱ्याने काल लाल रंगाचा नवा डबा आणून ठेवला आहे.