नाव जड झालेली बुरशी

बोगोरच्या प्रयोगशाळेत वेनिंगने कित्येक वर्षं खपून एक बुरशी घडवली होती. तेलताडाची फळं काढून घेतली की रिकामे घड कारखान्यामागे सडत पडतात. त्यांचे चिवट धागे पचवून साखर करायची, म्हणजे पुढे तिचं इंधन करता येतं. पण साखर आयती मिळाली की बुरशी पाचक रस सोडणंच बंद करते, आळशी जात. वेनिंगने तिच्यातला तो लगामच काढून टाकला. मग ती असा काही फडशा पाडू लागली की सगळ्यांनी तिला भीम म्हणायला सुरुवात केली.

मोठ्या टाकीतली चाचणी जवळ आली आणि नेमका भीम मरगळला. सोलो शहरात वाढलेल्या वेनिंगला यात कोडं पडलं नाही. तिकडे मानतात, पोर सारखं आजारी पडतं ते नाव पेलत नाही म्हणून. मग ते बदलून हलकं ठेवायचं. सुरुवात थट्टेत झाली, पण नामकरणाच्या जेवणाला लागते ती पिवळ्या भाताची रास खरीखुरी रचली गेली आणि भीमचा स्लामेत, म्हणजे 'सुखरूप', झाला. जुनं नाव मागे ठेवायचं नसतं, म्हणून त्या नावाची चिठ्ठी असलेल्या बुरशीच्या सगळ्या कुप्या वेनिंगने हौसेने ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे जंतू मारायच्या यंत्राच्या, वाफेत मारून टाकल्या. फ्रीझरमधल्याही.

स्लामेत काही सुधारला नाही. मरगळण्याआधीचं मूळ बी काढायला तिने फ्रीझर उघडला, आणि आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं.

विभागप्रमुख तागोर बाताक जमातीचे होते, सुमात्राचे. तिने त्यांना सगळं सांगितलं.

"आमच्यात माणूस मेला तरी कुळाचं नाव सोडत नाही," ते म्हणाले. "तुम्ही जित्या जिवाचं नाव टाकता, वर जेवणावळ घालता. आता बोल, टाकी तुला ठेवू की जिवाणूंवर काम करणाऱ्या गटाला देऊ?"

"थोडे दिवस द्या, पाक," वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं वेनिंग म्हणाली. "लाडाने बिघडलाय तो. इथे आपण त्याला बटाटा नि साखरच चारली. ताड खायचंच विसरलाय."

तिने साखर बंद केली. नुसत्या धाग्यांच्या पिठाने दुधाळ झालेल्या बशांत ती स्लामेतचे कण पेरत सुटली. बहुतेक बशा तशाच दुधाळ राहिल्या. शेवटी एकीत हिरव्या ठिपक्याभोवती स्वच्छ कडं उमटलं. तिथलं पीठ खाल्लं गेलं होतं. वेनिंगला इतका आनंद झाला की जेवायचं भान राहिलं नाही.

पाचक रस मोजला तर भीमच्या जुन्या नोंदींपेक्षा बराच कमी भरला. हे न सांगता चाचणी उरकता आली असती, पण ती आकडे घेऊन तागोरांकडे गेली.

"हा पहिला नाही, पाक. त्याला मी मारला. हा त्याच्यातून वाचलेला आहे."

"खातो ना?"

"खातो."

"मग सोड टाकीत. आणि याच्या कुप्या तीन वेगवेगळ्या इमारतींत ठेव. चाव्या माझ्याकडे."

टाकी चालली. घडांचा लगदा हळूहळू पातळ झाला, साखर उतरली, लोक येऊन अभिनंदन करून गेले. वेनिंग सगळ्यांशी हसून बोलली. मग टाकीच्या आडोशाला जाऊन, ज्याला आपण वाजतगाजत मारलं त्याच्यासाठी पोटभर रडली.