डोळा लवण्याआधी

आमच्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गासमोर पुठ्ठा उचलला आणि डोळा लवतो न लवतो तोच परत ठेवला. पुठ्ठ्यामागे एक चित्र होतं.

"काय दिसलं? बरोबर सांगेल त्याला सुट्टीत चांद्याच्या शिबिराला नेऊ."

चांदा! जिल्ह्याचं शहर! मी तर सिंदेवाहीच्या पुढे कधी गेले नव्हते. सगळ्यांच्या आधी माझा हात वर. सातवीत आल्यापासून तो असाच जातो, मला विचारतसुद्धा नाही.

"मासे धरून राह्यले!"

वर्ग खो खो हसला.

"अवो रंभे, रोवणा होय तो!" कमळा म्हणाली. "गुडघाभर पाणी, वाकून धान लावणारी माणसं. हिचा बाप तलावात जाते ना, हिले पाणी दिसलं का मासोळीच दिसते!"

धानवाल्यांची सगळी पोरं "रोवणा, रोवणा" ओरडू लागली. साहेब माझ्याकडे वळले.

"मासे कशावरून?"

कशावरून! जाळं दिसलं नव्हतं, मासाही नाही. तरी ते मासेच धरत होते, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. पण कारण काही तोंडात येईना, आणि हसणं थांबेना.

"रोवणाच असंन, साहेब."

साहेबांनी पुठ्ठा काढला. माणसं एकमेकांकडे तोंड करून गोल वाकली होती, हात पाण्याखाली, मासेच चाचपत. रोवणा असता तर सगळी एका दिशेला वाकली असती, हातात धानाच्या जुड्या असत्या. आता कारणांवर कारणं सुचत होती मेली!

"पहिले मीच सांगितलं होतं, साहेब!"

"आणि मागे घेतलंस, बाळ." त्यांनी चित्र पिशवीत टाकलं. शिबिराला कोणाचंच नाव लागलं नाही.

घरी जाताना तलावाच्या पाळीवर मी दिसेल तो दगड लाथाडत होते. पाळीच्या पार त्या टोकावरून गोकुळामामी ओरडली, "काऊन वो, शाळेत कोणासंग भांडून आली?"

"तुले कसं समजलं? इतक्या दुरून माहं तोंड तरी दिसते का?"

"दिसलं त दिसलं! काऊन दिसलं, ते का डोळ्याले विचारत बसू?"

मी जागीच थांबले. हेच! एवढंच तर म्हणायचं होतं! तेवढ्यात पाळीखालच्या रस्त्यानं साहेबांची जीप निघाली. दप्तर टाकून मी उतारावरून धावत सुटले.

"साहेब! दिसलं त दिसलं!"

जीप काही थांबली नाही. नाकातोंडात धूळ तेवढी गेली. वरून मामी विचारत होती, "कोणाले काय दिसलं वो?"