पंधरावी सही

पंधरावी सही मिळाली की कॉलेजातल्या ठवकर सरांचा ऐच्छिक विषय चालू राहणार होता आणि नागपूरहून होणारी त्यांची बदली टळणार होती. सह्या झाल्या होत्या चौदा. तेवढ्यात रामटेकची विद्यार्थिनी अपेक्षा विषयनिवडीचा फॉर्म घेऊन निघालेली दिसली. तिला समुपदेशन घ्यायचं होतं. तिचा भाऊ वर्षभर घरात कोणाशी बोलत नव्हता; त्याच्यासाठीच तर तिने मानसशास्त्र धरलं होतं.

सरही रामटेकचेच. त्यांनी तिला कॅन्टीनमध्ये तर्री पोहे खाऊ घातले.

“समुपदेशनाच्या जागा भरल्या वं पोरी. माह्या औद्योगिक मानसशास्त्रात ये. हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी पक्की!”

“पण सर, मले भावासाठी...”

“गावच्या माणसावर भरोसा नाही काय?”

तिने सही केली, वर पायाही पडली. सरांनी तर्रीने माखलेला हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला.

सोमवारी नोटीस लागली : समुपदेशनाला चौदाच विद्यार्थी, एक कमी, विषय बंद. केसांचा तो तेलकट वास अपेक्षाला पुन्हा आला.

बदली सरांची टळली. किंमत मोजली समुपदेशनाच्या चौदा पोरांनी, अपेक्षाने आणि रामटेकला गप्प बसलेल्या एका भावाने.