वाटणीची चूल

मालनचं पोळी-भाजी केंद्र आता शांताबाई चालवणार, हे कळल्यापासून मुलुंडच्या स्टँडवर रिक्षा लावायची सोय उरली नाही. जो तो विचारतो, "काय रे सहदेव, धंदा बसला काय बायकोचा?"

बसायला काय झालंय? दुपारी दुकानासमोर उभं राहायला जागा नसते. चांगला चाललेला धंदा जोडीदारणीच्या हाती देऊन माझी बायको गावी चालली आहे, स्वतःच्या मर्जीने. मीही चाललोय, तिच्या मागून. मला तिचा अभिमान वाटतो. लपवायचं कशाला?

अडचण एकच होती. गावच्या घराची किल्ली दादाकडे. काशीरामदादा माझा थोरला भाऊ. त्यानेच मला मुंबईत आणून घाटकोपरला आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं. गावच्या घरात दोघांच्या वाटणीच्या दोन चुली, पण कुलूप एकच.

आम्ही किल्ली मागायला गेलो, तर त्याने चहासुद्धा विचारला नाही.

"लोक हसतले," तो म्हणाला. "मुंबईसून जो परत गेलो, तो हरलो."

प्रवाशांशी कितीही भांडेन, दादापुढे माझी मांजर होते.

मालन म्हणाली, "भावोजी, मागची गावपळण आठवता मा?"

ती कोण विसरेल? देवाने कौल दिला की आमचं अख्खं गाव गुराकोंबड्यांसकट शिवेबाहेर राहायला जातं. पुन्हा कौल झाला की सगळे घरी येतात आणि आधी चूल पेटवतात. त्या वर्षी आम्ही तिघंही गेलो होतो. पण मालनच्या ऑर्डरी होत्या, दादाची ड्युटी होती, म्हणून परतीच्या दिवशी घरी न जाता शिवेवरूनच मुंबईची गाडी धरली. गाडीतून मागे पाहिलं तर घराघरावर धूर, फक्त आमच्या घरावर नाही. मालन पनवेलपर्यंत कुणाशी बोलली नाही.

"अर्ध्या मुलुंडाक मी जेवूक घालतंय," ती आता म्हणाली, "आणि माझीच चूल थंड. आमची गावपळण खूपच लांबली, भावोजी. गावपळणीसून घराक इलेल्या माणसाक कोण हरलो म्हणता काय?"

दादाने उठून देव्हाऱ्यामागची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. त्याचे डोळे भरले होते.

"दोनय चुली पेटय," तो म्हणाला. "माझ्या वाटणीची पण."