कुबडीला बांधलेलं फडकं

थोरलीला धाकट्या जावेचा हेवा वाटायचा. साधासुधा नव्हे, चांगला जळफळाट. वरच्या मजल्यावर दिराच्या कुबडीची टक टक सुरू झाली, की खाली हिच्या अंगाची लाही लाही व्हायची. चाललाय बघा! पाण्याला उठला असेल. आता खिडकीशी गेला. आता बायकोला हाक मारेल. आणि खरंच हाक यायची, आणि हिच्या हातातलं भांडं आदळायचं.

त्याचं असं झालं होतं, की दोघींचे नवरे सख्खे भाऊ आणि दोघेही रंगारी. एका चौमजली इमारतीच्या भिंतीला एकाच परांचीवर उभे राहून रंग देत होते. दोर सुटला. दोघे एकदमच खाली आले, इस्पितळात शेजारशेजारच्या खाटांवर पडले, आणि तिसऱ्या दिवशी थोरला गेला. धाकटा मोडक्या पायाने का होईना, घरी आला. तीच फळी, तोच दोर, तेवढीच उंची. मग हा आणि तो नाही, असं का? थोरली चार महिने देवाला हेच विचारत होती, आणि देवाने मिठाची गुळणी धरली होती.

देव बोलत नव्हता, पण माणसं काय कमी बोलतात! कुणी म्हणे, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. म्हणजे धाकटा काय वाईट होता? कुणी म्हणे, देव सोसेल त्यालाच दुःख देतो. असं असेल तर आपण कच्च्या निघालो असतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. चर्चचे पाळकसाहेब भेटीला आले, चष्मा पुसत म्हणाले, "बाई, यातही देवाची काही योजना असेल."

"असेल ना," थोरली म्हणाली. "पण सगळी सोय वरच्या मजल्याचीच का केली त्या योजनेत? खालचा मजला नकाशात नव्हता का?"

बिचाऱ्यांनी चहाही अर्धा टाकला आणि गेले.

त्यात पंधरा दिवसांपूर्वी वरची टक टक अचानक बंद झाली. त्याऐवजी थप थप असा दबका आवाज येऊ लागला. जिन्यात पाहिलं तर कुबडीच्या टोकाला जुनं फडकं गुंडाळून बांधलेलं. धाकटीचंच काम ते. थोरलीला ऐकू जाऊ नये म्हणून! झालं, हिच्या रागाला आणखी सरपण मिळालं. एवढं सुख, की फडक्यात लपवून ठेवावं लागतंय!

आता त्यांच्या चर्चमध्ये एक रीत होती. जिवावरच्या दुखण्यातून कुणी उठलं, की घरच्या माणसाने रविवारी मंडळीपुढे साक्ष द्यायची, म्हणजे देवाने कसं वाचवलं ते सांगून आभार मानायचे. ती कागदावर लिहून आदल्या दिवशी पेटी वाजवणाऱ्याला दाखवायची. म्हणजे शेवटचं वाक्य कुठलं ते कळतं, आणि ते संपता संपता आभाराच्या गीताचे सूर धरता येतात. आणि पेटी कोण वाजवायचं? थोरली. वीस वर्षं तीच वाजवत होती. म्हणजे जावेचा नवरा जगला म्हणून आभाराचे सूर हिने धरायचे! या रविवारी धाकटीची साक्ष आहे हे ऐकलं तेव्हा ती एकटीच मोठ्याने हसली होती.

शनिवारी दुपारी धाकटी कागद घेऊन खाली आली. बसली नाही, दारातच उभी राहिली. वाळून काटकी झाली होती, पण थोरलीने तिच्याकडे इतके दिवस पाहिलंच कुठे होतं?

"ताई, एवढं वाचता का?"

थोरलीने वाचलं. पहिल्या चार ओळी नेहमीच्याच. पुढे लिहिलं होतं, 'त्या दुपारी इस्पितळाच्या जिन्यात मी देवाला म्हणाले, एकालाच ठेवणार असशील तर माझा ठेव, ताईंचा ने. देवाने माझं ऐकलं. दादा माझ्यामुळे गेले. मला आभार मानता येत नाहीत. मंडळीने मला क्षमा करावी.'

खोटं कशाला सांगा, थोरलीला आधी आनंदच झाला. वाचू दे! कळू दे सगळ्यांना! जिला 'भाग्याची गं बाई' म्हणून कवटाळत होते, तिच्याकडे बघून मान फिरवू देत उद्या.

आणि त्याच क्षणी दुसरी एक गोष्ट तिला आठवली. त्याच दुपारी, त्याच इस्पितळात, हात धुवायच्या नळापाशी उभी राहून तीही काही बोलली होती. प्रभू, माझा ठेव, हवं तर तिचा ने. शब्द जवळजवळ तेच. ही एवढी एक गोष्ट सांगितली असती, तर समोरच्या पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं.

थोरलीने सांगितली नाही. कागदाची घडी घालून परत दिली.

"वाच. मी पेटी धरते."

"तुम्ही रागावलात का, ताई?"

"रागवायचं काय त्यात? खरं ते खरं."

धाकटी मान खाली घालून जिना चढली. त्या संध्याकाळी थोरलीने पेटी तीनदा पुसली. पेटी स्वच्छच होती.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. धाकट्याला पुढच्या बाकावर बसवलं होतं, कुबडी मांडीवर आडवी. धाकटी पुढे आली. पहिल्या चार ओळी तिने वाचल्या, बायका माना डोलवू लागल्या, एकीने तर डोळेही पुसले. थोरली पेटीमागून पाहत होती. आता येणार. आता तोंडं बघायची एकेकाची.

"त्या दुपारी इस्पितळाच्या जिन्यात," धाकटीने वाचलं, "मी देवाला म्हणाले..."

आणि तिने कागदावरून मान वर केली. आधाराला तिने नवऱ्याकडे नाही, पेटीकडे पाहिलं. थोरलीकडे. जिचा माणूस आपण मारला असं तिला वाटत होतं, तिच्याचकडे.

थोरलीचे दोन्ही हात पेटीवर पडले आणि भलतेच सूर मोठ्याने वाजले. वीस वर्षांत तिने ती कधी वेळेआधी वाजवली नव्हती. सगळे वळले. पाळकसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, अजून संपलं नाही."

"संपलं," थोरली उठून उभी राहिली. "पुढचं मी सांगते. ही म्हणाली, माझा ठेव, ताईचा ने. आणि नळापाशी मी म्हणाले, माझा ठेव, हिचा ने. काल हिने मला हे दाखवलं, आणि मी गप्प बसले. मुद्दाम. हिची फजिती व्हावी म्हणून."

"अगं वेडे," ती जावेकडे वळली, आणि आवाज फुटलाच तिचा, "देव असलं 'ने' ऐकणारा असता, तर दोघींचंही ऐकलं असतं आणि एकही उरला नसता! तुझ्या प्रार्थनेने कुणी मेलं नाही. दोर सुटला. दोर सुटला गं."

धाकटी तिथेच खाली बसली आणि चार महिन्यांचं रडली. थोरली जाऊन तिच्याशेजारी फरशीवर बसली. मग पाळकसाहेबही येऊन पायरीवर बसले.

"योजना म्हणालो होतो, ते चुकलंच माझं," ते म्हणाले. "का ते मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की क्रुसावर प्रभूनेही 'का' म्हणून विचारलं, आणि त्यालाही उत्तर आलं नाही. आपण एकटेच विचारत नाही, एवढं मी सांगू शकतो."

त्या दिवशी आभाराचं गीत झालंच नाही. एकेक जण उठून दोघींच्या जवळ आला.

म्हणून हेवा गेला म्हणता? छे! दुपारी घरी आल्यावर वर थप थप सुरू झाली आणि थोरलीच्या हातातलं भांडं पुन्हा आदळलं. तिने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग कात्री घेऊन जिना चढली. धाकटा भिंतीला हात लावून उभा होता, आणि धाकटी घाबरून दारात आली.

थोरली गुडघ्यांवर बसली आणि कुबडीचं फडकं कापून काढलं.

"ताई, आवाज होईल," धाकटी म्हणाली.

"होऊ दे. फडक्यावरून घसरले म्हणजे?" थोरली उठली. "चाला भाऊजी. मला खाली ऐकू यायला हवं."