शेजारचा कापूस

“गाठ नुसती बसत न्हाय, पोरी. शेजारच्या कापसाला वढती.”

अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली. तरी विद्यापीठात सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पेशी सरकू लागल्या की मुबशिराच्या कानात कापूस पिंजणाऱ्या अब्बांचा तोच आवाज उठायचा. कर्करोगाची गाठही भोवतालचे तंतू ओढून ताठ करते. मग त्याच ताठ तंतूंवरून एकेक पेशी बाहेर निघते, पायवाट धरावी तशी. त्या ओढीचं बळ मोजायचं, हे तिचं काम.

अम्मीला तिनं हे सहज सांगितलं होतं. पण गेले आठ दिवस अम्मी, जुलेखा, त्याच्याच मागं लागली होती.

“बाहेर पडायला किती दिस लागत्यात त्यांना?” मंगळवार पेठेतल्या दुकानात गादीला टाके घालता घालता तिनं आजही विचारलं.

“सगळ्यांचं सारखं नसतं. तुला कशाला पायजे?”

“शेजारच्या सुरेखाताई इचारत होत्या.”

“त्यांना वांग्यातली अळी दिसत न्हाय, पेशी कवापासनं दिसायला लागल्या?”

जुलेखा हसली नाही. लांब सुई कापसात रुतून राहिली.

मुबशिरानं तिला निरखलं. अम्मीचं जेवण कमी झालं होतं. काल तिच्या पिशवीत दवाखान्याची चिठ्ठी दिसली, येत्या मंगळवारी लावलेल्या नंबराची. विचारलं तर ‘असंच’ म्हणाली होती.

मुबशिरानं उठून दुकानाचं दार ओढून घेतलं.

“हात वर कर.”

“खुळी झालीस व्हय?”

“कर म्हणते न्हवं.”

जुलेखानं निमूट हात वर केला. मुबशिराची बोटं काखेत, छातीवर, पुन्हा काखेत फिरली, दाबत, थांबत. मग दुसऱ्या बाजूला. मऊ. सगळीकडं मऊच. तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

“कायबी न्हाय की गं अम्मी. उगंच जीव टांगणीला लावलास. मग नंबर कुणाचा लावलायस?”

जुलेखानं पदर सारखा केला. लेकीची वेणी हळूच पुढं सारली. उघड्या मानेपाशी तिचा हात आला, पण टेकला नाही.

“त्या दिशी तुझ्या केसाला तेल लावलं,” ती म्हणाली, “तवा हितं गाठ लागली माझ्या हाताला. मग आनी दोनदा लावलं, खात्री करायला.”